टक्का कशाचा? शक्यतेचा आकडा वाचण्याची आणि तपासण्याची रीत

‘उद्या पुण्यात पावसाची शक्यता ६० टक्के.’ एवढ्यावरून छत्री घ्यायची की नाही ते ठरवता येतं, पण परवा सकाळी हा आकडा बरोबर निघाला की चूक, ते सांगता येत नाही, कारण वाक्य अर्धवट आहे. पाऊस म्हणजे किती मिलिमीटर? पुणे म्हणजे शिवाजीनगर, लोहगाव की पाषाण? उद्या म्हणजे रात्री बारा ते बारा, की सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ? आणि हा आकडा आजच्या नोंदी पाहून काढला, की तीन दिवसांपूर्वीच्या?

म्हणून कॅल्क्युलेटर हातात घेण्याआधी वाक्य पूर्ण लिहायचं. चार जागा भरायच्या: नेमकी घटना कोणती, ती कोणत्या गटात मोजली, किती काळात, आणि काय माहीत असताना. यातली एक जागा जरी रिकामी राहिली, तरी तो आकडा गप्पांपुरता ठीक आहे, हिशेबात घेऊ नये.

हवामान खात्याची भाषा या बाबतीत आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच काटेकोर असते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के केंद्रांवर, ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५, आणि त्यापुढे जवळपास सगळीकडे. हे टक्के जागेचे आहेत, खात्रीचे नाहीत. ‘शक्यता’, ‘दाट शक्यता’ हे शब्द खात्रीचे. बातमीत दोन्ही एकाच ओळीत येतात आणि वाचणारा त्यांची भेळ करतो. शिवाय नोंदीत ‘पावसाचा दिवस’ धरायला २४ तासांत २.५ मिलिमीटर तरी पडावा लागतो. कोथरूडला रस्ता ओला करण्याइतकी भुरभुर झाली म्हणून तो दिवस मोजला जात नाही.

मान्सूनच्या दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात आणखी एक खोच असते. ‘पाऊस सरासरीइतका, म्हणजे ९६ ते १०४ टक्के, राहण्याची शक्यता ४० टक्के’ असं वाचलं की ‘चाळीसच?’ अशी प्रतिक्रिया येते. पण अंदाजच केला नाही, नुसत्या जुन्या नोंदी पाहिल्या, तरी या गटाचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. चाळीस हा त्याहून वर आहे, म्हणजे अंदाज त्या बाजूला झुकलेला आहे. कोणताही आकडा त्याच्या मूळ प्रमाणाशेजारी ठेवूनच वाचायचा.

आकड्याची जात ओळखा

१९३३ मध्ये रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यांनी संभाव्यतेचे नियम पक्के बांधले: शक्यता ऋण नसते, सगळ्या शक्यता मिळून १ होतात, एकत्र घडू न शकणाऱ्या घटनांच्या शक्यतांची बेरीज होते. हे नियम भौतिकीत, वैद्यकात, विमा कंपनीत सगळीकडे तेच. पण आकडा मुळात कुठून आणायचा, ते नियम सांगत नाहीत. तिथे चार वाटा फुटतात.

पहिली सममितीची, लाप्लासची: सगळे पर्याय सारखेच शक्य धरायचे आणि भागाकार करायचा. म्हाडाची सोडत या जातीची. इथे चूक भागाकारात होत नाही, छेदात काय घेतलं त्यात होते. समजा १०० घरं आणि ५,००० अर्ज आहेत. म्हणून तुमची शक्यता २ टक्के असं नाही. सोडत उत्पन्न गट आणि आरक्षणाचे प्रवर्ग पाडून निघते. तुमच्या कप्प्यात ४ घरं आणि ६०० अर्ज असतील, तर शक्यता ०.६७ टक्के. आणि २ टक्क्यांच्या तीन स्वतंत्र सोडतींत अर्ज भरला, तर निदान एक घर लागण्याची शक्यता ६ नव्हे, ५.९ टक्के: ०.९८ चा घन १ मधून वजा करा. इथे फरक किरकोळ आहे. पण ४० टक्क्यांच्या तीन संधींची बेरीज १२० होईल, तेव्हा बेरीज का करायची नाही ते कळेल.

दुसरी वाट वारंवारतेची, व्हेन आणि फॉन मिझेस यांची: दीर्घ मालिकेत किती वेळा घडलं ते मोजा. तिसरी तत्त्वज्ञ पॉपर यांची: शक्यता हा मांडणीचाच गुण, अमुक अणू अमुक वेगाने फुटण्याकडे कल ठेवतो. चौथी वाट रॅम्सी आणि द फिनेत्ती यांची, व्यक्तीच्या विश्वासाची: घटना घडली तर शंभर रुपये देणाऱ्या चिठ्ठीला तुम्ही जास्तीत जास्त किती मोजाल, तो तुमचा टक्का. ही वाट ऐकायला सैल वाटते, पण तिला दावणीला बांधता येतं. ‘उद्या पाऊस पडेल’ या चिठ्ठीला तुम्ही ६० रुपये दिलेत आणि ‘पडणार नाही’ हिला ५०, तर तुमचे गेले ११० आणि काहीही झालं तरी मिळणार १००. दहा रुपयांचं नुकसान पाऊस पडायच्या आधीच पक्कं झालं. म्हणजे विश्वास खाजगी असला, तरी बेरजेचे नियम त्याला चुकत नाहीत.

चारांपैकी खरी वाट कोणती, हा वाद तत्त्वज्ञांत अजून मिटलेला नाही आणि काम करणाऱ्याने त्याच्या मिटण्याची वाट पाहू नये. त्याने एवढं पाहावं की जात बदलली की तपासणी बदलते. सममितीचा आकडा असेल तर यंत्र तपासायचं, वारंवारतेचा असेल तर नोंदवही, कल असेल तर प्रयोगाची मांडणी, आणि विश्वास असेल तर सांगणाऱ्याचे मागचे अंदाज. बहुतेक घोटाळे एका जातीच्या आकड्याची दुसऱ्या जातीसारखी तपासणी केल्याने होतात.

पूररेषा: नोंदवहीतून आलेला आकडा

पुण्यात मुठेच्या काठाला घर बघताना नकाशावर दोन रेषा दिसतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी १ टक्का, इतकाच. नदीला पाळी ठाऊक नसते. गेल्या साली पूर आला म्हणून यंदाचा टक्का कमी होत नाही.

घराचं कर्ज २० वर्षांचं असेल तर हिशेब असा करायचा. एका वर्षी पाणी लाल रेषेपर्यंत न येण्याची शक्यता ०.९९. वीस वर्षं सलग न येण्याची ०.९९ चा विसावा घात, म्हणजे ०.८२. निदान एकदा येण्याची १८ टक्के. निळ्या रेषेसाठी ०.९६ चा विसावा घात ०.४४ येतो, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत पाणी तिथवर निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के. नाणेफेकीपेक्षा जास्त.

आता हे २५ आणि १०० येतात कुठून? दर वर्षीचा सर्वांत मोठा प्रवाह, वर्षाला एकच आकडा, असे मागचे सगळे आकडे उतरत्या क्रमाने लावतात. वर्षांची संख्या अधिक एक, भागिले क्रमांक, म्हणजे पुनरावृत्तीचा काळ. ३० वर्षांची नोंद असेल तर सर्वांत मोठ्या पुराला ३१ वर्षं, दुसऱ्याला साडेपंधरा, तिसऱ्याला १०.३. म्हणजे ३० वर्षांच्या वहीतून १०० वर्षांच्या पुराचा आकडा थेट मिळतच नाही. तो गुंबेल किंवा तत्सम वक्र बसवून, वक्राचं शेपूट पुढे ओढून काढलेला असतो. शेपटाकडच्या आकड्यातली अनिश्चितता बरीच मोठी असते आणि ती नकाशावर छापत नाहीत. रेषा मात्र पेनाने काढल्यासारखी बारीक दिसते.

मोठी अडचण मात्र गट कोणता धरायचा याची आहे. १२ जुलै १९६१ चा पूर पानशेत धरण फुटून आला, खडकवासलाही फुटलं. तो या मालिकेत घ्यायचा का? पावसाने येणाऱ्या पुराचा काळ काढायचा असेल तर नाही, कारण त्याचं कारणच निराळं. पण ‘माझ्या दारात पाणी येईल का’ असा प्रश्न असेल, तर धरणाचा धोका स्वतंत्र मोजून त्यात मिळवावा लागतो. एकच वर्ष दोन मालिकांत दोन तऱ्हांनी बसतं. त्यात आता मुठेच्या पात्रातला सखल भिडे पूल पाण्याखाली जाणार का, हे खडकवासल्यातून किती क्युसेक विसर्ग सोडायचा या निर्णयावरही ठरतं. म्हणजे ती नुसती निसर्गाची वारंवारता नाही. आणि वरच्या खोऱ्यात काँक्रीट वाढलं असेल तर ३० वर्षांपूर्वीचे आकडे आजच्या नदीचे नाहीत. जुनी वही वापरताना पहिली पंधरा आणि नंतरची पंधरा वर्षं वेगळी काढून पाहावीत. सरासरी स्पष्टपणे सरकलेली दिसली, तर एकच वक्र बसवू नये.

तपासणीचा रिपोर्ट: हजार माणसांचा कागद

डेंग्यूच्या तपासणीची ‘अचूकता’ ९० टक्के आहे असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न: कोणती? आजारी माणसांपैकी किती पकडते ती संवेदनशीलता. निरोगी माणसांपैकी किती जणांना बरोबर सोडते ती विशिष्टता. दोन्ही किटच्या पाकिटातल्या कागदावर असतात. आणि रुग्णाला हवा असलेला आकडा, म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर मला डेंग्यू असण्याची शक्यता, हा तिसराच आहे. तो पाकिटावर असूच शकत नाही.

काढायची सोपी पद्धत: सूत्र विसरा, कागदावर हजार माणसं घ्या. उदाहरणापुरती संवेदनशीलता ९० आणि विशिष्टता ९५ टक्के धरू. जानेवारीत कुणालाही उगाच तपासलं, हजारात १० जण आजारी आहेत. त्यातले ९ पकडले जातील. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५०, खोटे पॉझिटिव्ह येतील. एकूण ५९ पॉझिटिव्ह, खरे ९: १५ टक्के. आता ऑगस्टमध्ये, अंग मोडून आलेल्या, ताप १०३ असलेल्या रुग्णांत हीच तपासणी करा आणि हजारात ४०० आजारी धरा. ३६० खरे आणि ३० खोटे पॉझिटिव्ह येतील: ९२ टक्के. किट तेच, रक्त तपासणारा तोच, आकडा १५ वरून ९२ वर. हाच बेज यांचा नियम. तो त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला.

ऑगस्टच्या त्याच हजारात निगेटिव्हचीही बाजू पाहा: ५७० खरे निगेटिव्ह, ४० सुटलेले. म्हणजे निगेटिव्ह आल्यावरही साडेसहा टक्के शक्यता उरते. म्हणूनच डॉक्टर रिपोर्ट निगेटिव्ह असूनही प्लेटलेट पुन्हा बघायला सांगतात.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, संवेदनशीलता आजाराच्या दिवसावर अवलंबून असते. एनएस१ ही विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी ताप आल्यावर पहिल्या काही दिवसांत चांगली पकडते, पाच-सात दिवस उलटले की तिची पकड ढिली होते आणि आयजीएमकडे, म्हणजे शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणाऱ्या तपासणीकडे, जावं लागतं. सहाव्या-सातव्या दिवसाच्या रक्ताला पहिल्या दिवसांची संवेदनशीलता लावली तर सगळा कागद चुकतो. दोन, तीच तपासणी त्याच रक्तावर पुन्हा करून शक्यतांचा गुणाकार करणं. पहिल्यांदा ज्या कारणाने चूक झाली तेच कारण दुसऱ्यांदाही रक्तात असतं, त्यामुळे दोन रिपोर्ट स्वतंत्र धरता येत नाहीत.

‘आजारी असेल तर पॉझिटिव्ह’ आणि ‘पॉझिटिव्ह असेल तर आजारी’ यांची उलटापालट कोर्टातही होते. ‘हा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता लाखात एक’ याचा अर्थ आरोपी निर्दोष असण्याची शक्यता लाखात एक असा नाही. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. दुसरा कोणताच पुरावा नसेल, तर एवढ्या शहरात तीसेक माणसं तशीच जुळतील.

स्वतंत्र धरायचं की नाही: कोसंबींचं सूत्र

गुणाकार करण्याआधी घटना स्वतंत्र आहेत का हे विचारायचं. याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ मध्ये जनुकांमधल्या अंतराचं सूत्र दिलं. आनुवंशिकीत ते आजही वापरलं जातं. गुणसूत्रावर दोन जनुकांमधलं अंतर ठाऊक असेल, तर त्यांची फारकत होण्याची शक्यता किती? हाल्डेन यांच्या जुन्या सूत्रात जोडीतल्या गुणसूत्रांमध्ये होणारी तुकड्यांची प्रत्येक अदलाबदल स्वतंत्र धरली होती. प्रत्यक्षात एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होणं दबतं. कोसंबींनी हा दाब हिशेबात धरला.

वापरायची रीत: अंतर सेंटिमॉर्गनमध्ये (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं एकक) असेल तर आधी १०० ने भागा. २० चे ०.२० झाले. दुप्पट करा, ०.४०. कॅल्क्युलेटरवर हायपरबोलिकची कळ दाबून मग टॅन दाबा: ०.३८०. निम्मे करा: १९ टक्के. हाल्डेनच्या सूत्राने १६.५ येतात. १ सेंटिमॉर्गनला दोन्हींत जवळजवळ फरक नाही, कारण एवढ्या जवळ दोन अदलाबदली होतच नाहीत. सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे १०० ने भागायचं विसरणं. मग जवळजवळ कोणत्याही अंतराला उत्तर ५० टक्क्यांच्या आसपासच येतं आणि सगळी जनुकं एकमेकांपासून सुटी वाटू लागतात.

थॅलेसेमियाचे वाहक असलेल्या जोडप्याला सांगतात तो २५ टक्के हा आकडा दर गर्भारपणाचा असतो. ‘पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन ठीक’ असं नाही. आणि आजार नसलेल्या भावंडाची वाहक असण्याची शक्यता निम्मी नव्हे, दोन तृतीयांश: चारातला आजारी पर्याय आधीच वगळला गेला, उरलेल्या तिनांपैकी दोन वाहक.

मोजणी यंत्रापुढे

किरणोत्सर्गाच्या प्रयोगात टक्का अज्ञानातून आलेला नसतो. कोणता अणू कधी फुटेल हे सांगणारी आणखी माहिती आपल्याला हाती लागते असं नाही. बॉर्न यांनी १९२६ मध्ये पुंजयामिकीत, म्हणजे अणूंच्या पातळीवरच्या भौतिकीत, संभाव्यता मुळातच घातली. पुढे बेल यांच्या १९६४ च्या असमानतेवरच्या प्रयोगांनी ‘आत कुठेतरी उत्तर आधीच लिहिलेलं आहे’ ही भोळी समजूत मोडली. त्यासाठी २०२२ चं नोबेल मिळालं.

प्रयोगशाळेत लागतं ते एवढंच: मोजलेल्या संख्येचं वर्गमूळ ही तिची अनिश्चितता. १०० नोंदींना १०, म्हणजे १० टक्के. १०,००० नोंदींना १००, म्हणजे १ टक्का. दहापट नेमकेपणासाठी शंभरपट वेळ. पार्श्वभूमी वजा करताना मात्र अनिश्चितता वजा होत नाही. नमुन्यासह ४०० आणि नमुन्याशिवाय तेवढ्याच वेळात ३०० नोंदी आल्या, तर निव्वळ १०० आणि अनिश्चितता ७०० चं वर्गमूळ, २६. विद्यार्थी इथे १० लिहितात. स्रोत फार जवळ ठेवला तर किरणोत्सर्ग मोजणारी गायगर नळी एका नोंदीनंतर क्षणभर आंधळी होते, नोंदी कमी पडतात आणि वर्गमूळही फसवं ठरतं. स्रोत दूर नेऊन मोजणी अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरते का, ते आधी बघा.

सत्तावीस ज्योतिषी आणि नाणं

जयंत नारळीकर, सांख्यिकीतज्ज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी महाराष्ट्रात घेतलेली फलज्योतिषाची चाचणी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आली. हुशार आणि मतिमंद अशा दोन गटांतल्या २०० मुलांच्या पत्रिका जमवल्या, प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० दिल्या आणि गट ओळखायला सांगितलं. २७ जणांनी उत्तरं दिली. निकाल नाणेफेकीहून सरस नव्हता.

अशी चाचणी स्वतः आखायची तर निकालाची रेषा आधी लिहून ठेवावी लागते. ४० नाणेफेकींत सरासरी २० बरोबर येतात, प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती साधारण किती पसरतात ते) ४० च्या चतुर्थांशाचं वर्गमूळ, ३.१६. एकट्याने २४ किंवा जास्त बरोबर आणले तर फार वाटतात, पण नुसत्या नाण्यानेही ते १३ टक्के वेळा येतात. आणि २७ जण नाणी उडवत असतील तर कुणाला ना कुणाला २४ मिळण्याची शक्यता ९८ टक्के! रेषा २८ वर ठेवली, तर एकट्यासाठी नाण्याची शक्यता ०.८ टक्के आहे, पण २७ जणांत कुणीतरी ती ओलांडण्याची २० टक्के. सगळ्या गटासाठी ५ टक्क्यांच्या आत राहायचं असेल, तर ५ भागिले २७ करून प्रत्येकाला ०.१८५ टक्के मिळतात, आणि रेषा ३० वर जाते. उत्तरं आल्यावर सर्वांत वरच्या माणसाकडे बोट दाखवून ‘याला तरी येतं ना’ म्हणणं, ही चूक शेअर बाजाराच्या सल्लागारांबाबत आणि औषधांच्या चाचण्यांतही तितकीच होते.

आणि हा ०.८ टक्का कशाचा? नुसतं नाणं असतं तर इतकं चांगलं उत्तर येण्याचा. ‘ज्योतिष खोटं असण्याची शक्यता ०.८ टक्के’ असा त्याचा अर्थ नाही. तसा आकडा हवा असेल तर हजार माणसांच्या कागदासारखा आधीचा टक्का लिहावा लागेल, आणि तो विश्वासाच्या जातीचा असेल.

स्वतःच्या अंदाजांची वही

विश्वासाचा टक्का तपासायला हवामानतज्ज्ञ ब्रायर यांची १९५० ची रीत पुरते. जून ते सप्टेंबर, रोज रात्री उद्याच्या पावसाचा टक्का लिहा आणि घटना ठरवून घ्या: शिवाजीनगरला उद्या सकाळी साडेआठपासून परवा साडेआठपर्यंतच्या २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त. झालं तर १, नाही तर ०. फरकाचा वर्ग करा, सरासरी काढा. समजा पाच दिवसांचे अंदाज ०.७, ०.२, ०.९, ०.४, ०.६ आणि निकाल १, ०, १, १, ०. वर्ग येतात ०.०९, ०.०४, ०.०१, ०.३६, ०.३६. सरासरी ०.१७२. कमी तितकं चांगलं.

पण कशाहून चांगलं? पाचांत तीन दिवस पाऊस पडला, म्हणून रोज ०.६ लिहिणाऱ्याची सरासरी ०.२४ आली असती. तुम्ही त्याच्याहून २८ टक्क्यांनी सरस. पाच दिवसांवर मात्र काहीच ठरत नाही. निदान शंभर नोंदी होऊ द्या आणि मग अंदाजांचे कप्पे पाडा. ७० टक्के लिहिलेले २० दिवस असतील तर १४ दिवस पाऊस हवा, पण १० ते १८ मधलं काहीही नुसत्या योगायोगानेही येऊ शकतं. तेवढ्यावरून पुढच्या अंदाजांत फेरफार करू नका. सगळेच वरचे कप्पे एकाच बाजूला कमी पडत असतील, ९० लिहिलेले ७५ वेळा घडत असतील, तेव्हा टक्के खाली आणा.

आणि ० किंवा १०० लिहू नका. बेजच्या कागदावर आधीचा टक्का शून्य असला, की नंतर कितीही पुरावा आला तरी गुणाकार शून्यच येतो. जुलैत पाऊस नक्की वाटला तरी ९८ लिहा.